एक्सेलचे मॅक्रो शिकायचे आहेत: क्लास, पुस्तक, यूट्यूब की आणखी काही?

आमसुली | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मशीद बंदरला एका औषध वितरकाकडे अकाउंट्स बघते. बी.कॉम. झाल्यावर एमएस-सीआयटी केलं, त्यानंतरची बारा वर्षं टॅली आणि एक्सेल. व्हीलूकअप, समइफ्स, पिव्होट व्यवस्थित येतं. मॅक्रो, म्हणजे तेच ते काम एक्सेलकडून आपोआप करून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचना, त्यांच्या वाटेला मात्र कधी गेले नाही.

आता गरज पडलीय. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साठ दुकानदारांना त्यांच्या थकबाकीची यादी पाठवायची असते. टॅलीतून सगळ्यांची मिळून एक लांबलचक शीट येते. त्यातून एक पार्टी फिल्टर करायची, कॉपी करून नवीन फाइलमध्ये टाकायची, वर आमचं नाव-पत्ता, खाली बेरीज, कॉलमची रुंदी सारखी करायची आणि पीडीएफ काढायची. एका पार्टीला चार मिनिटं धरली तरी चार तास जातात. मध्येच फोन वाजला की कुठवर आलो होतो ते आठवत बसायचं. गेल्या महिन्यात एका दुकानदाराची यादी दुसऱ्याला गेली. त्याने फोन करून नीट सांगितलं म्हणून निभावलं, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

ऑफिसातला नवीन मुलगा म्हणाला, "ताई, याला मॅक्रो लावा." तेव्हापासून चौकशी करतेय. दादरला एक क्लास आहे, दर रविवारी, दोन महिने, नऊ हजार रुपये. भाचा म्हणतो व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) आता कोण शिकतं, पायथॉन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शीक. यूट्यूबवर इतकं आहे की निवडू काय तेच कळत नाही. ऑफिसात एक्सेल २०१६ आहे, घरी जुना लॅपटॉप. मुलुंडहून स्लो गाडीने येते, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास हातात असतात, पण उभ्याने.

प्रोग्रॅमिंगचा काडीचा अनुभव नाही. कुठून सुरुवात करू?

निंबोणी | रविवार, रात्री ९:५८

माझीही हीच रड आहे, फक्त माझ्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत. धाग्यावर लक्ष ठेवून बसलेय.

गिरणगावकर | रविवार, रात्री १०:३५

ताई, नऊ हजार सध्या बाजूला ठेवा. एक्सेलमध्येच एक फुकटचा मास्तर आहे, त्याचं नाव मॅक्रो रेकॉर्डर.

डेव्हलपर नावाचा टॅब मुळात लपवलेला असतो. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे जाऊन त्याच्यापुढे खूण करा. मग रेकॉर्ड मॅक्रो दाबा आणि एकाच पार्टीचं काम नेहमीसारखं हाताने करा. स्टॉप. आता ऑल्ट आणि एफ११ एकत्र दाबा. तुम्ही जे जे केलंत ते तिथे ओळीओळीने लिहिलेलं दिसेल.

खरं शिकणं इथून पुढे. एक्सेलची खिडकी अर्ध्या पडद्यावर, कोडची अर्ध्या पडद्यावर. कोडमध्ये कर्सर ठेवून एफ८ दाबा. एक ओळ पिवळी होते. पुन्हा दाबा, ती ओळ घडते आणि पुढची पिवळी होते. डावीकडे शीटमध्ये काय बदललं ते बघायचं, उजवीकडे कुठल्या ओळीने बदललं ते बघायचं. मी सगळं असंच शिकलो, लोअर परळच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, १९९८ साली. व्हीबीए १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर आलं आणि पाया अजून तोच आहे. म्हणून फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर एखादं जुनं जाड पुस्तक मिळालं तर खुशाल घ्या. २००७ नंतरचं असलं तर नव्वद टक्के कोड आजही जसंच्या तसं चालेल.

एक धोका आधीच सांगतो. माझा पहिला मॅक्रो रेकॉर्ड केला त्या महिन्यात यादी चाळीस ओळींची होती. पुढच्या महिन्यात ती बावन्न ओळींची झाली. मॅक्रोने चाळीसच घेतल्या, बारा तशाच राहिल्या आणि कुठेही सूचना आली नाही. रेकॉर्डर तुमचा हेतू लिहीत नाही, तुम्ही क्लिक केलेला पत्ता लिहितो. तुमच्या मनात "यादी संपेपर्यंत" असतं, तो "चाळिसाव्या ओळीपर्यंत" असं लिहून ठेवतो. शेवटची ओळ शोधायची कशी, हे रेकॉर्डर शिकवणार नाही. शीटच्या अगदी तळाच्या सेलपासून वर उडी मारायची, कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यावर होतं तसं. कोडमध्ये त्याला 'एंड, एक्सएल-अप' म्हणतात. ही एक ओळ पाठ करा, जन्मभर पुरेल.

सरळरेषा | सोमवार, सकाळी ७:१५

गिरणगावकर, एफ८ बद्दल शंभर टक्के सहमत. पण क्लास बाजूला ठेवा हे मला पटत नाही. मी सहा वर्षं ठाण्यात एक्सेल शिकवतेय, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकते.

रेकॉर्डरवर एकट्याने शिकलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक ओळीत 'सिलेक्ट' असतं. आधी सेल निवडा, मग निवडलेल्यावर काम करा. हाताने काम करताना तसं करावंच लागतं, कोडमध्ये लागत नाही. सेलला थेट सांगता येतं. सिलेक्टमुळे मॅक्रो रखडतो, आणि चालवताना भलतीच शीट समोर उघडी असली तर तिथेच काम करून मोकळा होतो. ही सवय सोडवायला मला तीन-तीन आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ऑप्शन एक्सप्लिसिट'. मॉड्यूलच्या, म्हणजे कोड लिहायच्या पानाच्या, अगदी वर ही ओळ नसेल तर नावातली स्पेलिंगची चूक एक्सेलला चूक वाटतच नाही. तुम्ही बेरीज 'टोटल' नावात साठवलीत आणि खाली हात चुकून 'टोटाल' लिहिलंत, तर ते नवं रिकामं नाव समजतं आणि बेरीज शून्य येते. एडिटरच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन'ला खूण करा, मग प्रत्येक नव्या मॉड्यूलमध्ये ही ओळ आपोआप येते. तिसरी गोष्ट, ओळींचा क्रमांक कधी 'इंटिजर' या आकड्यांच्या प्रकारात ठेवू नका. ते ३२,७६७ वर संपतं आणि शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. 'लाँग' वापरा.

हे कुणीतरी वेळेवर सांगणं, त्यासाठी क्लास. आमसुलीताई, दादरच्या त्या क्लासला जाऊन दोन गोष्टी विचारा. माझी स्वतःची फाइल आणली तर चालेल का? आणि चूक कशी शोधायची ते शिकवता का, की नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं? दोन्हींना हो म्हणाले तर पैसे वसूल. एकालाही नाही म्हणाले तर परत फिरा.

रातकिडा | सोमवार, रात्री १२:२०

आमसुलीताईंच्या भाच्याशी सहमत. आजच्या तारखेला शून्यातून शिकायचंच आहे तर पायथॉन का नको? हजारो फाइली, लाखो ओळी, वेबसाइटवरून माहिती, सगळं एका भाषेत. आता तर एक्सेलच्या आतही पायथॉन आलंय.

कुलूपकिल्ली | मंगळवार, सकाळी ९:०५

रातकिडा, तुमचा उत्साह रास्त आहे, पण ताईंचं ऑफिस डोळ्यांपुढे आणा. मी अंधेरीत अशाच ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघतो. तिथे नवीन काही इन्स्टॉल करायला परवानगी लागते आणि ती कारणाशिवाय मिळत नाही. ताई रजेवर गेल्या तर शेजारच्या मुलाला तेच काम चालवता आलं पाहिजे. एक्सेलचं बटण तो दाबेल, पायथॉनची खिडकी बघून घाबरेल.

एक्सेलमधलं पायथॉन मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं, पण ते मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी भरणाऱ्यांसाठी. शिवाय ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालतं, तुमच्या मशीनवरच्या फोल्डरमध्ये साठ पीडीएफ ते काढून ठेवणार नाही. २०१६ वर तर प्रश्नच नाही.

फाइलीबद्दल एक. मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम म्हणूनच सेव्ह करायची. साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केली तर एक्सेल एकदा विचारतं, आपण सवयीने 'येस' दाबतो आणि कोड गायब होतो. माझ्या एका ग्राहकाचं आठवड्याचं काम असंच गेलं. आणि फाइल मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केलीय, वर लाल पट्टी येते. फाइल खात्रीची असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करा. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. त्यामुळे ही काळजी अनाठायी नाही.

रातकिडा | मंगळवार, सकाळी ९:४०

पीडीएफचा आणि परवानगीचा मुद्दा मान्य. मी ताईंची गरज नीट न वाचताच लिहिलं. पायथॉन दुसरी पायरी म्हणून मात्र डोक्यात ठेवा.

जमाखर्च | मंगळवार, दुपारी १:३०

घाटकोपरला सीएच्या ऑफिसात आहे. ताई, शिकायला सुरुवात करण्याआधी याच महिन्याचा ताण थोडा कमी करून देतो, मॅक्रोची एकही ओळ न लिहिता. पिव्होट येतं म्हणालात ना? पार्टीचं नाव पिव्होटच्या फिल्टरच्या खणात टाका. मग पिव्होटच्या टॅबमध्ये ऑप्शन्स शब्दाच्या शेजारचा छोटा बाण, त्यात 'शो रिपोर्ट फिल्टर पेजेस'. एका क्लिकमध्ये साठ पार्ट्यांच्या साठ शीट तयार. नाव-पत्ता आणि पीडीएफ राहीलच, पण फिल्टर आणि कॉपी-पेस्ट संपलं.

आता मूळ प्रश्न. लोक पॉवर क्वेरी (माहिती आणून साफ करायची एक्सेलमधली सोय) आणि मॅक्रो यांत गल्लत करतात. आमच्याकडे दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचं २बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि २० तारखेपर्यंत ३बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत प्रत्येक अशिलाची खरेदी त्या २बीशी जुळवायची. हे काम आधी आम्ही मॅक्रोने करायचो, आता सगळं पॉवर क्वेरीत. पंधरा अक्षरी जीएसटी नंबराच्या शेवटी कुणीतरी स्पेस मारलेली असते, बिल नंबर एकीकडे ००४५ आणि दुसरीकडे नुसता ४५ असतो. हे साफ करण्याची पायरी एकदा लावून ठेवली की दर महिन्याला फक्त रिफ्रेश. २०१६ मध्ये डेटा टॅबवर 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' नावाने तीच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

पॉवर क्वेरी गोळा करते, मॅक्रो वाटप करतो. दहा ठिकाणचं एकत्र आणून स्वच्छ करायचं असेल तर पहिली. एका ठिकाणचं साठ जणांना वाटायचं असेल तर दुसरा. तुमचं काम वाटपाचं आहे, तेव्हा तुम्ही मॅक्रोच शिका. निंबोणी, पगाराच्या स्लिपांनाही हेच लागू.

आणि एक विनंती, मॅक्रो कुठूनही शिका, ताळा लावायला विसरू नका. साठ याद्यांच्या बेरजांची बेरीज मूळ शीटच्या बेरजेशी जुळली पाहिजे. न जुळली तर मॅक्रोने थांबून ओरडलं पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण अहवालात यायचे राहिले. कारण जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते, पुढचं गळून गेलं. एक ताळा असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ३:१०

ताळ्याचं वाचून बरं वाटलं. आम्ही लोटस १-२-३ वर, म्हणजे एक्सेलच्या आधीच्या जमान्यातल्या तशाच प्रोग्रॅमवर, काम केलेली माणसं. काळा पडदा, माउस नाही. मॅक्रो म्हणजे आपण जी बटणं दाबणार ती सेलमध्ये अक्षरशः लिहून ठेवायची, महिरपी कंसात 'डाउन' म्हणजे खालचा बाण. फोर्टातल्या आमच्या शाखेत व्याजाचं कोष्टक मी असं बसवलं होतं. साहेबांनी पहिले सहा महिने प्रत्येक आकडा कागदावर पडताळून घेतला आणि त्यांचं बरोबरच होतं.

हिरवीमिरची | मंगळवार, रात्री ८:४५

थोडं अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. आमच्या सोसायटीच्या नोटिसा मराठीत काढते. कोडमध्ये "थकबाकी" लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. शीटवर मराठी व्यवस्थित दिसतं, मग तिथेच का नाही?

गिरणगावकर | मंगळवार, रात्री ९:२०

कारण शीट युनिकोड आहे, म्हणजे तिला सगळ्या लिप्या कळतात, आणि तो कोड लिहायचा एडिटर अजून जुन्या काळातला आहे, त्याला देवनागरी कळत नाही. संदेशाची जी छोटी चौकट येते, मेसेज बॉक्स, तिचंही तेच. उपाय सोपा आहे. 'मजकूर' नावाची एक शीट करा, सगळी मराठी वाक्यं तिथे सेलमध्ये ठेवा आणि कोडने ती तिथून उचलायची. कोडमध्ये एकही मराठी अक्षर नको. अगदीच गरज पडली तर 'सीएचआर-डब्ल्यू'मध्ये अक्षराचा क्रमांक देता येतो, 'अ'चा २३०९ आहे, पण अख्खी नोटीस तशी लिहायची म्हणजे दिवाळी उजाडेल.

शीटमध्ये ठेवण्याचा आणखी एक फायदा. उद्या सेक्रेटरी म्हणाले "थकबाकी"च्या जागी "येणे बाकी" लिहा, तर कोडला हात लावावा लागत नाही.

हिरवीमिरची | मंगळवार, रात्री ९:२६

वर्षभर प्रश्नचिन्हांशी झगडत होते! मनापासून आभार.

तळ्यातमळ्यात | बुधवार, सकाळी १०:५०

एआयचं कुणी बोललं नाही अजून. मी मागच्या वर्षी सगळे मॅक्रो एआयकडून लिहून घेतले, त्याचा चांगला-वाईट दोन्ही अनुभव सांगतो.

सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या यादीतून रिकाम्या ओळी काढायच्या होत्या. एआयने दोन सेकंदांत कोड दिला, मी चालवला, यादी सुटसुटीत झाली. आठवड्याने बघतो तर काही रिकाम्या ओळी तशाच. जिथे जिथे दोन रिकाम्या ओळी लागोपाठ होत्या तिथे दुसरी राहिलेली. तासभर एफ८ दाबल्यावर उमगलं. कोड वरून खाली चालला होता. पाचवी ओळ काढली की सहावी वर सरकून पाचवी होते, आणि कोड तर पुढच्या, म्हणजे सहाव्या ओळीवर जातो. ती सरकलेली ओळ कुणी तपासतच नाही. ओळी काढायच्या तर नेहमी खालून वर यायचं. त्या तासाभरात मी जेवढं शिकलो तेवढं आधीच्या चार महिन्यांत शिकलो नव्हतो.

दुसऱ्या वेळी जास्त महागात पडलं. मॅक्रो भलत्याच शीटवर चालला आणि कंट्रोल-झेड दाबलं तर काहीच होईना. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अन्डूची यादी पुसली जाते. म्हणून चालवण्याआधी फाइलची कॉपी करायची, न चुकता.

तेव्हा एआय जरूर वापरा, पण "लिहून दे" म्हणण्याऐवजी "ही ओळ काय करते ते मराठीत समजाव" असं विचारा. आणि ताई, दुकानदारांची खरी नावं, रकमा तिथे टाकू नका. दहा खोट्या ओळींची फाइल बनवा, तेवढ्यावर काम होतं.

सरळरेषा | बुधवार, सकाळी ११:३०

हा "मराठीत समजाव" मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मी वर्गात पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालूच करू देत नाही. वहीत आपलं काम मराठीत लिहायला लावते, जणू ऑफिसात आजच लागलेल्या मुलाला समजावून सांगतोय. "पार्टीची यादी काढ" हे चालत नाही, तो मुलगा विचारील, कुठून? कुठपर्यंत? एखाद्याची बाकी शून्य असेल तर? नाव दोनदा आलं तर? अशा प्रश्नांची उत्तरं लिहिता आली की अर्धा मॅक्रो झाला. उरतं ते फक्त भाषांतर.

आमसुलीताई, हे काम गाडीत उभ्यानेही होतं. त्यासाठी मला पैसे नकोत.

गिरणगावकर | बुधवार, दुपारी १२:०५

सरळरेषाताई, हे मात्र तुम्ही बिनतोड सांगितलंत. रेकॉर्डरच्या आधी वही. मी माझा क्रम बदलतो.

आमसुली | बुधवार, रात्री १०:१५

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज गाडीत फोनवर लिहायला घेतलं. पहिल्यांदा चार ओळी झाल्या. भांडुप ते कुर्ला स्वतःलाच प्रश्न विचारत गेले आणि त्यांच्या एकोणीस झाल्या. शून्य बाकीवाल्यांना यादी पाठवायची की नाही, हे आमच्याकडे कधी ठरलेलंच नाही! उद्या साहेबांना विचारते.

जमाखर्च, तुमच्या पिव्होटने साठ शीट झाल्या. दोन तास वाचले. शेठना दाखवलं तर ते दोन मिनिटं स्क्रीनकडेच बघत राहिले.

ठरवलंय असं: वही, मग रेकॉर्डर आणि एफ८, रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. महिन्याने अडले तर दादरचा क्लास, ते दोन प्रश्न विचारून.

निंबोणी | बुधवार, रात्री १०:२२

मीही वही काढली. दोघींनी बरोबर करू.

(पाच आठवड्यांनी)

आमसुली | शनिवार, संध्याकाळी ७:५०

धागा वर काढतेय, राग मानू नका. सांगितल्याशिवाय राहवेना.

या महिन्याच्या याद्या मॅक्रोने गेल्या. क्लास लावला नाही. काय झालं ते सविस्तर लिहिते, माझ्यासारख्या नवख्याला उपयोगी पडेल.

'नमुना' नावाची एक शीट केली. नाव-पत्ता, कॉलमची रुंदी, बेरजेचा फॉर्म्युला सगळं त्यात कायमचं लावून ठेवलं. एका सेलमध्ये पार्टीचं नाव. अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टर त्या नावाची बिलं मोठ्या शीटमधून उचलून नमुन्यात टाकतो आणि त्याची पीडीएफ निघते. एवढंच रेकॉर्ड केलं. मग पार्ट्यांच्या यादीवरून एकेक नाव त्या सेलमध्ये टाकत जायचा लूप स्वतः लिहिला. सहा ओळींचा आहे, त्याला मला नऊ दिवस लागले.

पहिल्याच दिवशी २३ व्या पार्टीवर थांबला. एरर १००४. नावात तिरकी रेघ होती आणि फाइलच्या नावात ती चालत नाही. एफ८ नेच सापडलं. म्हणून फाइलीला पार्टीचा कोड द्यायला लागले. फिल्टर मात्र नावावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी साठही पीडीएफ निघाल्या, पण ताळा जुळेना. जमाखर्च, तुमच्या सांगण्यावरून शेवटी तो लावला होता. बेरीज मूळ शीटपेक्षा ४१,२६० रुपये जास्त. कमी असती तर समजू शकले असते, जास्त कशी? दीड दिवस डोकं खाल्लं. नावं बदलून सांगते: 'साई मेडिकल'च्या यादीत 'साई मेडिकल अँड जनरल'ची बिलं येत होती. अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टरला नुसतं नाव दिलं की त्या नावाने सुरू होणारं सगळं तो घेतो! हाताने फिल्टर करताना हे कधीच झालं नव्हतं. आता सगळ्यांना तीन आकडी कोड दिलेत, १०१ पासून १६० पर्यंत, आणि फिल्टरही कोडवरच लावलाय. ताळा पैशापर्यंत जुळला.

ज्या चुकीने माझी झोप उडवली होती, तीच चूक मॅक्रोने साठ पटीने केली असती. एका बेरजेने वाचवलं.

साठ याद्यांना आता तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं मी स्क्रीनसमोरून उठत नाही, पार्टीचं नाव बदलताना बघत बसते.

जमाखर्च | शनिवार, रात्री ८:३०

४१,२६० वाचून अंगावर काटा आला. अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टरची ही खोड आमच्या ऑफिसातही दोघांनाच माहीत होती. फार छान काम केलंत.

सरळरेषा | शनिवार, रात्री ८:५२

ताई, हा प्रतिसाद मी उद्याच्या बॅचला वाचून दाखवू का? नाव न घेता.

आमसुली | शनिवार, रात्री ९:०५

खुशाल दाखवा, नाव घेतलंत तरी चालेल.

आणि एक नवीन अडचण आहे. बँकेतून येणारी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी) फाइल मॅक्रोने उघडली की ५ एप्रिलची तारीख ४ मे होते. हाताने उघडली तर बरोबर येते. १३ तारखेपासून पुढच्या तर तारखाच राहत नाहीत, नुसता मजकूर होतात. सेटिंगमध्ये भारतच आहे. हे काय गौडबंगाल?

गिरणगावकर | शनिवार, रात्री ९:१८

व्हीबीए मनातून अमेरिकन आहे, सीएसव्ही उघडताना महिना आधी धरतं. जिथे फाइल उघडायची ओळ आहे, 'वर्कबुक्स डॉट ओपन', तिच्या शेवटी 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' करून द्या. मग ते तुमच्या विंडोजची सेटिंग पाळतं. आधीच्या उघडलेल्या फाइलींमधल्या १ ते १२ तारखा मात्र एकदा तपासून घ्या, त्या गुपचूप उलटलेल्या असणार.

निंबोणी | शनिवार, रात्री ९:३०

थांबा, माझ्या हजेरीच्या फाइलीतही हेच होत असेल! रुजू झाल्याच्या तारखा... उद्याच बघते.

आमसुली | रविवार, सकाळी ११:४०

'लोकल' लावलं, तारखा जागेवर आल्या. मागच्या दोन महिन्यांच्या फाइली उघडून बसलेय, आत्तापर्यंत अकरा तारखा उलट्या सापडल्यात. निंबोणी, तुझ्या किती निघाल्या ते सांग.